उद्धवरावाच्या पिकअपचा हीटर

शेकोटीत आणखी एक ओंडका सरकवा आणि असे जवळ येऊन बसा. तुम्हा पोरांना रात्रीच्या गाडीनं चाकणच्या रस्त्याला जावं लागतं, तेव्हा शफी मिस्त्रीची हकीकत तुमच्या कानावर असलेली बरी. उडत उडत ऐकलेली नाही ही. शफी माझा शेजारी. त्यानं ती मला एकदाच सांगितली, आणि पुढं कधीतरी ज्योतीराम ड्रायव्हरनं सांगितली. दोघांच्या सांगण्यात केसाएवढा फरक नव्हता.

चिंचवड स्टेशनाच्या अलीकडे, मुंबई रस्त्याला लागून शफीचं पत्र्याचं गॅरेज होतं. लढाईच्या काळात तो लष्कराच्या वर्कशॉपमध्ये अमेरिकन गाड्यांवर काम शिकला. हात सोन्याचा, पण डोकं तापट. बोल्ट गंजून अडकला तर बोल्टाला शिव्या, आणि तो बोल्ट तेल न घालता ठेवणाऱ्या मालकाला तोंडावर दुप्पट शिव्या. तरीही लोक त्याच्याकडेच यायचे, कारण गाडीचा दोष सापडेपर्यंत तो जेवत नसे.

उद्धवराव हा चाकणचा ठेकेदार. तेव्हा पिंपरीला कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या. त्यांना दगड आणि मजूर पुरवायचं काम त्याच्याकडे होतं. मोशीजवळ त्याची दगडाची खाण होती. लष्करानं लिलावात काढलेली एक पिकअप त्यानं घेतली होती. पुढं बंद केबिन, मागं उघडा हौदा. गाडी थंड मुलखातली, म्हणून केबिनमध्ये हीटर. आपल्याकडे त्या काळी हीटरची गाडी म्हणजे नवलाईच. उद्धवरावाचे गुडघे थंडीत धरायचे. त्यामुळे त्याला त्या हीटरचं फार कौतुक होतं, आणि दिमाखही.

तर थंडी सुरू झाली आणि तो हीटर बिघडला. बिघडला म्हणजे कसा, तर कधी चालायचा, कधी नाही. मिस्त्री लोकांना विचारा, बंद पडलेलं यंत्र परवडतं, पण अधूनमधून रुसणारं नको.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा रेडिएटरमध्ये पाणी कमी होतं. शफीनं पाणी भरलं, आत अडकलेली हवा काढली. हीटर सुरू. चार दिवसांनी गाडी परत. मग शफी नीट मांडी ठोकून बसला. हीटर म्हणजे काही जादू नसते. इंजिनातलं गरम पाणी एका पाइपानं केबिनमधल्या पेटीत येतं, दुसऱ्या पाइपानं परत जातं, आणि पेटीमागचा पंखा ती ऊब आत फेकतो. पेटीत येणारा पाइप गरम आणि परत जाणारा गार असला तर पेटी तुंबली समजायची. दोन्ही गार असले तर पाणीच पोचत नाही. शफीनं दोन्ही पाइप हातानं चाचपले. दोन्ही चटका देणारे. तरी त्यानं पेटी सोडवून उलट्या बाजूनं पाणी मारलं, लाल गंजाचा गाळ निघाला तो धुतला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप बदलली. पंख्याची वायर नवी टाकली. गॅरेजात इंजिन चालू करून पाहिलं तर पेटीसमोर हात धरवेना.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा उद्धवराव दार उघडायच्या आधीच बोलत होता.

"मिस्त्री, तू लष्करात गाड्या दुरुस्त करत होतास की धूत होतास?"

शफीनं हातातला पाना खाली ठेवला. "काय झालं ते सांगा."

"बर्फ आहे आत. काल पिंपरीपासून चाकणपर्यंत गुडघ्यावर घोंगडं घेऊन बसलो. आणि हा म्हणतो, हीटर चालतोय." त्यानं ज्योतीरामकडे बोट केलं.

ज्योतीराम म्हणजे खेडच्या बाजूचा, उंच, वाळका, खाली बघून बोलणारा माणूस. तो म्हणाला, "मी एकला असलो की चालतो, मालक. घाम येतो इतका चालतो."

उद्धवरावानं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली मारली. "म्हणजे मी बसलो की बंद आणि तू बसलास की चालू? काहीतरी फिरवून ठेवतोस तू खाली."

ज्योतीराम गालाला हात लावून उभा राहिला. शफीच्या मात्र पायापासून डोक्यापर्यंत आग गेली. ड्रायव्हरला आपल्या दारात मारलं, हा राग एक. आपलं काम खोटं ठरतंय, हा दुसरा. कुठला मोठा होता, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"उद्या नीट झाला नाही, तर याला हाकलतो," उद्धवराव म्हणाला. "आणि तुझ्याकडे या रस्त्यावरची एक गाडी यायची नाही, हे बघतो."

"उद्या कशाला?" शफी म्हणाला. "आज मी येतो तुमच्याबरोबर चाकणला. गाडी चालती असतानाच बघतो."

आत त्याची बायको सलिमा भाकरी टाकत होती. तिनं ऐकलं. बाहेर येऊन हळूच म्हणाली, "अंधाऱ्या रात्रीचं कशाला जाता? सकाळी जा की."

"दोष रात्री येतो, तर रात्रीच धरला पाहिजे," शफी म्हणाला आणि हत्यारांची पिशवी उचलली.

रात्र कुठली होती तेही सांगतो. छप्पन सालचा जानेवारी, भोगीच्या आदल्या दिवशीची रात्र. गुरुवार, आणि अमावास्या. थंडी अशी, की कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती.

निघायच्या आधी शफीनं इंजिन तापवलं, हीटर लावला. केबिन शेगडीसारखी झाली. मग उद्धवराव दाराकडून बसला, शफी मधे, ज्योतीराम चाकावर. शफीनं उजवा हात पेटीच्या तोंडाशी धरून ठेवला होता, वैद्य नाडी धरतो तसा.

पिंपरीपर्यंत ऊब होती. भोसरीच्या रस्त्याला लागले आणि ती पातळ होत गेली. शफीनं पंखा ऐकला, नीट फिरत होता. भोसरी मागं पडली तेव्हा वारा नुसता गार. मोशी आली. इंद्रायणीचा पूल ओलांडला, आणि पेटीतून जो वारा यायला लागला त्यानं शफीची बोटं आखडली.

"बघ," उद्धवराव म्हणाला. "बघ आता."

"थांबव गाडी," शफी म्हणाला. "इंजिन चालू ठेव."

रस्त्याच्या कडेला गाडी उभी राहिली. दोन्ही बाजूंना रान, कुठं दिवा नाही. शफीनं बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या उजेडात पाइपाला हात लावला. चटकन मागं घेतला, पोळला होता. दुसऱ्याला लावला. तोही तसाच. पाणी उकळीला आलेलं, पंखा फिरतोय, आणि आत गार वारा. असं होत नसतं. आगीवर तवा ठेवला आणि तवा गार राहिला, असं कुणी पाहिलंय?

शफी भयंकर चिडला. घाबरला नाही हे लक्षात ठेवा, चिडला. यंत्र आपल्याशी खोटं बोलतंय असं त्याला वाटलं. त्यानं दात आवळले आणि वर्कशॉपमध्ये शिकवलेलं आठवलं. दोष सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

"ज्योतीराम, खाली उतर."

ज्योतीराम उतरला. शफीनं आत वाकून हात धरला. गारच.

"ये, बस परत. उद्धवराव, आता तुम्ही उतरा."

"मी कशाला? थंडी आहे बाहेर."

"उतरा म्हणतो ना."

उद्धवराव कुरकुरत उतरला. शफी मधे जाऊन बसला, दार लावलं. आणि शफीच्या तळहातावर ऊब आली. आधी कोमट. मग गरम. मग सणसणीत. काचेवरचं धुकं कडेकडेनं विरायला लागलं.

"चढा," तो म्हणाला.

उद्धवराव चढला. वारा गार झाला.

"उतरा."

गरम.

"चढा."

गार... इतका गार, की उद्धवरावाच्या तोंडातून वाफ निघाली. काचेला आतून पांढरं धरायला लागलं.

शफीनं सगळ्या गोष्टी एकेक करून बदलून पाहिल्या होत्या. आता एकच उरली होती. त्यानं बॅटरी उद्धवरावाच्या तोंडावर धरली.

"दोष गाडीत नाही," तो म्हणाला. "दोष या सीटवर बसलाय."

"काय बडबडतोस?"

शफीनं मान वळवली. "ज्योतीराम. या गाडीत काय झालं होतं?"

ज्योतीरामनं दोन्ही हात चाकावर घट्ट धरले होते. तो समोर बघत राहिला.

"गप बस," उद्धवराव म्हणाला. शफीला नाही, ज्योतीरामला.

आणि त्या 'गप बस'नंच ज्योतीरामचं तोंड उघडलं. एवढे महिने दाबलेलं होतं ते.

"गेल्या साली," तो म्हणाला, "संक्रांतीच्या चार दिस आधी. खाणीवर दुर्गाबाई म्हून होती. मराठवाड्याकडची. खडी फोडायची. दिस भरायच्या आधीच बाळंत झाली, झोपडीत. पोर लई बारीक होतं. सुईण म्हनली, पुण्याला न्या, ऊब द्या, वाचंल. आमी तवा पुण्यालाच निघालो होतो. मालकांचा रेडिओ बिघडला व्हता. तो दुरुस्तीला न्यायचा व्हता."

"ज्योतीराम," उद्धवराव म्हणाला.

"मी म्हनलं, मालक, बाईला मधी बसवू, हीटर हाय. तर म्हनले, सीट खराब व्हईल. म्हनले, रेडिओ मागं ठेवला तर दव लागंल. मग रेडिओ मधी ठिवला. हितं. मिस्त्री बसलेत तितं. शाल गुंडाळून. आन बाईला हौद्यात बसवलं, पोरासकट. अंगावर गोणपाट."

इंजिनाची तेवढी घरघर.

"भोसरीपाशी तिनं मागच्या काचेवर हात मारला," ज्योतीराम म्हणाला. "मी पाय उचलला. मालक म्हनले, चल. तिनं परत मारला. मालक म्हनले, थांबलास तर उद्या येऊ नको. मग... मग तिनं मारला न्हाई."

"पोर?"

"दवाखान्यात उतरवलं तवा लाकूड झालं व्हतं. तिच्या हातातनं सोडवता येईना. ती पहाटंला गेली."

शफीला राग येत नाही असा दिवस नसायचा, पण हा राग वेगळा होता. तो मला म्हणाला होता, आधी मला वाटलं मी उद्धवरावाचा गळा धरणार. मग वळलो ज्योतीरामवर.

"चाक तुझ्या हातात होतं," तो म्हणाला. "ब्रेक तुझ्या पायाखाली होता. तू का नाही थांबलास?"

ज्योतीरामनं ओठ हलवले. "माझे दोन भाऊ खाणीवर हायेत," एवढंच म्हणाला, आणि त्याला ते स्वतःलाच पटलेलं नव्हतं.

"झालं गेलं," उद्धवराव म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "कच्चं पोर होतं. तसंही जगलं नसतं. चल, गाडी काढ."

आणि तेव्हा मागच्या काचेवर...

ठक.

तिघांनीही ऐकलं. शफीच्या पाठीमागं, हातभर अंतरावर. हाताची बोटं दुमडून मारल्यासारखं. जोर नसलेलं.

कुणी मागं वळलं नाही.

ठक... ठक.

"चल," उद्धवराव कुजबुजला. "ज्योतीराम, चल. थांबू नको."

तोच शब्द. शफीच्या डोक्यातली शीर तडकली. त्यानं हात लांब करून चावी फिरवली आणि काढून घेतली. इंजिन बंद पडलं. रान एकदम जवळ आलं.

"मागं बस," शफी म्हणाला.

आयुष्यात त्यानं उद्धवरावाला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"कुणाला बोलतोस तू?"

"तुला. उतर आणि हौद्यात बस. नाहीतर चालत ये चाकणला. चावी माझ्याकडे आहे."

"मी मालक आहे या गाडीचा."

"म्हणूनच. उतर."

उद्धवराव उतरला. शफीच्या धाकानं नव्हे. केबिनमध्ये त्याला श्वास घेववत नव्हता. छातीत थंडी भरत होती, ओठ काळे पडले होते. खाली उभा राहून त्यानं काळोखात दोन्हीकडे पाहिलं. एकट्यानं चालायची त्याची छाती झाली नाही. फळीला धरून तो हौद्यात चढला. ज्योतीराम खाली उतरला, कोपऱ्यातलं एक गोणपाट त्यानं मालकाच्या अंगावर टाकलं आणि मुकाट परत येऊन बसला.

शफीनं चावी दिली.

गाडी निघाली.

हीटरची पेटी उसासल्यासारखी झाली, आणि ऊब आली. भट्टीची झळ नव्हे. शफी म्हणायचा, मशीनमधून अशी ऊब येत नाही. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्यावर अंगाला लागते, तशी. त्याच्या चार पोरांच्या वेळची.

ज्योतीराम हळू चालवत होता. प्रत्येक खड्डा चुकवत. एरवी त्या रस्त्यानं असं कुणी चालवत नाही.

थोड्या वेळानं तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मिस्त्री... जरा दाराकडं सरका."

शफीनं खाली पाहिलं. तो आधीच सरकला होता. कधी सरकला, त्याला कळलं नव्हतं. दाराला खेटून बसला होता. दोघांच्या मधे एका माणसाची जागा सुटली होती.

तिकडं त्यानं पाहिलं नाही.

चिंबळी फाटा गेला. कुरुळी गेली. बाहेर वारा, आत ऊब. आणि एक बारीकसा आवाज... चुटूचुटू... थांबत, पुन्हा लागत. शफीनं डोळे मिटून घेतले. त्याचा राग तिथंच होता, पण त्या आवाजासमोर त्याला मोठ्यानं श्वाससुद्धा घ्यावासा वाटेना.

चाकण आलं तेव्हा आवाज थांबलेला होता.

उद्धवरावाच्या दारात गाडी उभी राहिली. दोघं मागं गेले. तो हौद्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, केबिनच्या काचेला पाठ लावून. हाताच्या बोटांची साल निघाली होती. सगळ्या वाटेवर तो काचेवर हात मारत आला होता. शफी आणि ज्योतीराम, दोघांनीही मला शपथेवर सांगितलं, त्यांना एकदाही ऐकू आलं नाही.

त्याची बायको सावित्रीबाई कंदील घेऊन बाहेर आली. तिघांनी मिळून त्याला खाली उतरवलं. भांडेल, शिव्या देईल, असं शफीला वाटत होतं. त्याच्याही घशात सगळं तयार होतं. पण उद्धवराव केबिनच्या दाराकडे बघत होता.

"ती कुठं उतरली?" त्यानं विचारलं.

"कोण?" शफी म्हणाला.

त्या दिवसापासून उद्धवराव फारसं बोललाच नाही. जगला अजून दोन वर्षं. पण वैशाखात, लोक अंगणात उघडे झोपायचे तेव्हा, तो आत दोन रजया आणि शेगडी घेऊन पडलेला असायचा आणि दात वाजत असायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासलं. ताप नाही, काही नाही. खाण बंद झाली. ज्योतीरामनं त्याच आठवड्यात नोकरी सोडली आणि भावांना घेऊन गावी गेला. शफीचं गॅरेज तुम्ही पाहिलंत, अजून चालतं. डोकंही तेवढंच तापट आहे. फक्त आता कुठल्याही गाडीच्या हौद्यात बाई बसलेली दिसली, की तो रस्त्यात आडवा उभा राहून गाडी थांबवतो, ड्रायव्हरची आईबहीण काढतो, आणि ती बाई केबिनमध्ये बसल्याखेरीज बाजूला होत नाही. लोक हसतात. तो ऐकत नाही.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं.

ती रात्र शफीनं ज्योतीरामच्या बिऱ्हाडात काढली. दोघांनाही डोळा लागला नाही. पिकअप बाहेर वडाखाली, दारं लावून उभी होती. भोगीची पहाट. शेजारच्या बायका उठून तीळ कुटत होत्या. थंडी इतकी होती, की बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता.

शफी हत्यारांची पिशवी घ्यायला गाडीपाशी गेला. टपावर दव. बॉनेटला हात लावला, दगडासारखं गार. इंजिन बंद होऊन सारी रात्र लोटली होती. त्यानं दार उघडलं.

सीटच्या मधोमध एक ओला डाग होता. बशीएवढा. पांढुरका.

ज्योतीराम मागं येऊन उभा राहिला. दोघं बघत राहिले. मग शफीनं दोन बोटं टेकवली, आणि नाकापाशी नेली. चार पोरांचा बाप तो. वास ओळखायला वेळ लागला नाही.

दूध होतं.

"गार हाय?" ज्योतीरामनं विचारलं.

शफीनं बोटं पुन्हा टेकवली. बराच वेळ तशीच ठेवली...

"नाही," तो म्हणाला. "कोमट आहे."